मेलबर्नमध्ये मुलाला लुटले. त्याला परत बोलवावे का?

हडपसरहून एका आईचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती असल्यामुळे ओळख पटेल असा तपशील गाळून पत्राचा आशय येथे देत आहे.

"माझा तेवीस वर्षांचा मुलगा मेलबर्नमध्ये क्लेटन भागात राहून एम.एस. करतो आणि आठवड्यातले चार-पाच दिवस एका पेट्रोल पंपावर दुपारी चारपासून रात्री बारापर्यंत काम करतो. महिन्यापूर्वी रात्री साडेबाराच्या सुमारास चालत घरी येताना दोन मुलांनी चाकू दाखवून त्याचा फोन आणि पाठीवरची सॅक काढून घेतली. त्याला इजा झाली नाही. आम्हाला मात्र त्याने 'फोन पाण्यात पडला' एवढेच सांगितले. खरे काय ते त्याच्या रूममेटच्या आईकडून मला कळले. तो पोलिसांत गेला नाही, कारण पंपाच्या मालकाने 'पोलिसांत नाव गेले की व्हिसाला डाग लागतो' असे सांगितले, आणि परवानगीपेक्षा जास्त तास रोखीने काम करत असल्यामुळे तोही घाबरला. यजमान म्हणतात, परत बोलवून घे. नातेवाईक तिकडच्या कोयत्यांचे व्हिडिओ पाठवत असतात. माझा भाचा पुढच्या महिन्यात मेलबर्नला जाणार आहे, त्याच्याबरोबर मुलासाठी पेपर स्प्रे पाठवावा असे मनात आहे. मेलबर्न खरेच इतके वाईट शहर आहे का? आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

पत्रात ओझरता आलेला मुद्दा मी आधी घेते, कारण भाच्याची बॅग भरली जाण्यापूर्वी हे तुमच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. पेपर स्प्रे पाठवू नका. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तेथे १९९० च्या शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार असा फवारा बंदी घातलेल्या शस्त्रांत मोडतो. तो वापरणेच नव्हे, तर नुसता जवळ बाळगणेही गुन्हा आहे. पर्थकडे, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियात, स्वसंरक्षणासाठी तो ठेवता येतो, आणि त्यामुळे "ऑस्ट्रेलियात चालतो" अशी समजूत आपल्या लोकांत पसरलेली आहे. मेलबर्नच्या विमानतळावर भाच्याच्या सामानात तो सापडला तर ज्या पोरावर काही संकट आलेले नाही त्याच्यावर तुम्ही एक ओढवून घ्याल. छोटा चाकू खिशात ठेवण्याचा सल्लाही कोणी दिला असेल तर तोही मनावर घेऊ नका, कारण स्वसंरक्षण हे चाकू बाळगण्याचे वैध कारण व्हिक्टोरियाचा कायदा मानत नाही.

दुसरी गोष्ट अशी की तुमच्या मुलाने त्या रात्री जे केले ते बरोबर केले. त्याने फोन दिला, सॅक दिली आणि तो चालत घरी आला. जानेवारी २०१० मध्ये मेलबर्नच्या यारव्हिल भागातील बागेतून कामावर चालत निघालेल्या २१ वर्षांच्या एका भारतीय तरुणाला भोसकून मारण्यात आले, आणि पुढे न्यायालयात जे उघड झाले त्यानुसार मारणारा त्या वेळी पंधरा वर्षांचा होता व त्याला त्या तरुणाचा फोन हवा होता. ही घटना तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. चाकू हातात घेतलेल्या पोरसवदा मुलाशी फोनसाठी झटापट करण्यात काहीच शहाणपण नाही, आणि तुमच्या मुलाला हे त्या क्षणी उमगले, म्हणून सांगते. त्याच्याशी बोलाल तेव्हा पहिले वाक्य हेच असू द्या. "तू एवढ्या रात्री चालत का आलास" हे वाक्य पहिले झाले, तर पुढच्या वेळीही फोन पाण्यातच पडेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मी वीस वर्षांहून अधिक काळ या शहरात राहते आणि येथे गुन्हे वाढलेले नाहीत असे मी म्हणणार नाही. करोनाच्या काळात खाली गेलेले आकडे २०२२ पासून वर चढत आहेत. राज्याची गुन्हे आकडेवारी संस्था दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करते, आणि २०२५ च्या मध्यापर्यंतच्या वर्षभरात राज्यात तीस हजारांहून अधिक वाहने चोरीला गेली, ही दोन दशकांतील सर्वांत मोठी संख्या होती. सर्वाधिक वाढ झाली आहे ती वाहनांच्या आणि वाहनांतील वस्तूंच्या चोरीत. माझ्याच गाडीची काच एका संध्याकाळी रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये फुटली. आसनावर खडीसाखरेसारखे काचेचे दाणे पसरले होते, आणि गेले होते काय, तर व्यायामाचे कपडे असलेली एक जुनी पिशवी, जी मी आळसाने मागच्या सीटवर ठेवली होती. तक्रार केली, नोंद क्रमांक मिळाला, विम्याचे काम झाले. चोर मात्र सापडला नाही. बहुतेक मेलबर्नकरांच्या वाट्याला येणारा गुन्हा साधारण या जातीचा असतो.

कोयत्यांचे जे व्हिडिओ तुमच्याकडे येतात ते खोटे नाहीत. २५ मे २०२५ रोजी, रविवारी भर दुपारी, उत्तरेकडील प्रेस्टन भागातल्या नॉर्थलँड या मॉलमध्ये तरुणांच्या दोन टोळक्यांत कोयत्यांनी मारामारी झाली. तीन दिवसांत सरकारने कोयत्यांच्या विक्रीवर बंदी आणली आणि १ सप्टेंबरपासून ते बाळगणेही गुन्हा ठरवले. घरात असलेले कोयते आणून टाकण्यासाठी पोलीस ठाण्यांबाहेर मोठ्या पेट्या ठेवल्या गेल्या. पण ताई, तुम्ही हडपसरला राहता. "कोयता गँग" हा शब्द मला तुम्हाला समजावून सांगावा लागू नये. त्या बातम्या पाहून लंडनमधल्या एखाद्या बाईने पुणे राहण्याजोगे शहर नाही असे ठरवले तर तुम्हाला हसू येईल, कारण कोणत्या रस्त्याने कोणत्या वेळी जायचे नाही हे तुम्हाला ठाऊक असते आणि बाकीचे पुणे आपल्या कामाला लागलेले असते. मेलबर्नमध्येही टोळक्यांची भांडणे प्रामुख्याने टोळक्यांतच होतात, आणि तीच ती मुले पुन्हा पुन्हा पकडली जातात व सुटतात यावरून येथे सतत राजकारण पेटलेले असते. आकड्यांनीच समाधान होणार असेल तर एक आकडा देते. भारतात २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे २.१, ऑस्ट्रेलियात हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. दोन देशांच्या नोंदींची तुलना जपून करावी लागते हे मान्य, तरी "मरणाच्या दारात मुलगा पाठवला" असे मनाला लावून घेण्यासारखी परिस्थिती नाही.

मात्र "शहर सुरक्षित आहे, काळजी करू नका" एवढे लिहून मी पत्र संपवले तर तुमची फसवणूक होईल. शहर सरासरीने सुरक्षित असते. माणूस सरासरीत राहत नाही. तो एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक काम करत असतो, आणि तुमच्या मुलाचा धोका तेथे आहे.

हे मी २००९ मध्ये शिकले. त्या वर्षी मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले झाले, ३१ मे रोजी हजारो विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात ठिय्या देऊन रात्र काढली. तिकडे अमिताभ बच्चन यांनी ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारण्यास नकार दिला, आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात खेळू देणार नाही असे शिवसेनेने जाहीर केले. हे तुम्हालाही आठवत असेल. त्या गदारोळानंतर ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळातील चार लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि २०११ मध्ये अहवाल दिला. मारहाणीच्या बाबतीत भारतीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सर्वसाधारण जनतेइतके किंवा त्याहून कमी निघाले. जबरी चोरीच्या बाबतीत मात्र ते इतर देशांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होते, आणि त्यांतील दुकाने, पेट्रोल पंप अशा ठिकाणी घडलेल्या चोऱ्यांचा वाटा इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. उशिरापर्यंतच्या पाळ्या, एकट्याने सांभाळायचे गल्ले आणि रात्रीचा सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास यांच्याशी या फरकाचा संबंध अहवालाने जोडला. वंशद्वेष किती आणि संधिसाधूपणा किती हे त्या नोंदींतून ठरवता आले नाही, हेही सांगितले पाहिजे. पंधरा वर्षांनंतर मी तुमचे पत्र वाचते आणि त्यात पेट्रोल पंप आहे, मध्यरात्र आहे, एकटा चालणारा मुलगा आहे.

रात्री पेट्रोल पंपावर कधी गेलात तर एक दृश्य दिसते. ठरावीक वेळेनंतर दार आतून बंद होते आणि गिऱ्हाईक बाहेरून एका छोट्या खिडकीपाशी उभे राहून पैसे देते. आत ट्यूबलाइटच्या उजेडात एकटा मुलगा, पाठीमागे सिगारेटचे बंद कपाट. पाळी संपवून हा मुलगा बाहेर पडतो तेव्हा तो किती वाजता आणि कोणत्या बाजूला निघतो हे त्या परिसरात रोज रेंगाळणाऱ्या कोणालाही पाठ झालेले असते. म्हणून माझा सल्ला देश सोडण्याचा नाही, ही पाळी सोडण्याचा आहे. पहाटेची पाळी मागावी, नाही मिळाली तर दुसरे काम शोधावे. सुपरमार्केटमध्ये दुकान बंद झाल्यावर फळ्या भरण्याचे काम, ज्याला येथे "नाइट-फिल" म्हणतात, तेही रात्रीचेच असते, परंतु आठ-दहा जण एकत्र असतात आणि गल्ला हाताळावा लागत नाही. तंबाखूच्या दुकानातले काम मात्र दुप्पट पगार देत असले तरी धरू नये. ऑस्ट्रेलियात करामुळे सिगारेट इतकी महाग झाली आहे की चोरट्या मालाचा मोठा धंदा उभा राहिला आहे, आणि त्या धंद्यावरून टोळ्यांत जुंपल्यामुळे २०२३ पासून व्हिक्टोरियात शंभराहून अधिक जाळपोळी झाल्या आहेत. पोलिसांना त्यासाठी "लूनर" नावाचे स्वतंत्र पथक नेमावे लागले. असल्या दुकानांच्या काउंटरवर परदेशी विद्यार्थी उभे असलेले मी पाहते तेव्हा मला कोयत्याच्या व्हिडिओपेक्षा अधिक भीती वाटते.

आता पोलिसांचे. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते आणि पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार घरी आला तरी आपल्याला घाम फुटतो. त्यामुळे पंपमालकाचे बोलणे तुमच्या मुलाला खरे वाटले यात नवल नाही. पण ते खोटे आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाने तक्रार दिली म्हणून त्याचा व्हिसा रद्द होत नाही. पुढे नोकरीसाठी किंवा कायम वास्तव्यासाठी जे पोलीस प्रमाणपत्र लागते त्यात स्वतः केलेल्या गुन्ह्यांची न्यायालयीन नोंद येते, आपल्यावर झालेल्या गुन्ह्यांची नाही. चाकू दाखवून लुटणे हा व्हिक्टोरियाच्या कायद्यात पंचवीस वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पोलीस तो हरवलेल्या छत्रीसारखा नोंदवून घेत नाहीत.

महिना उलटला असला तरी तक्रार देता येते, आणि त्याने ती द्यावी. आसपासच्या कॅमेऱ्यांतील चित्रण बहुधा पुसले गेले असेल, तेवढे नुकसान उशिरामुळे झाले. तरीही त्या रस्त्यावर, त्या वेळेला, त्याच पद्धतीने आणखी कोणाला लुटले गेले असेल तर तुमच्या मुलाचा जबाब त्या तपासाला जोडला जातो. घटना घडत असताना किंवा नुकतीच घडली असताना ०००, म्हणजे "ट्रिपल झीरो", हा क्रमांक फिरवायचा असतो. तातडी नसलेल्या तक्रारींसाठी १३१ ४४४ हा वेगळा क्रमांक आहे. शस्त्राचा धाक दाखवलेला असल्यामुळे मुलाने स्वतः जवळच्या ठाण्यात जाणे बरे. जाताना तारीख, वेळ, रस्त्याचे नाव, त्या दोघांचे आठवेल तेवढे वर्णन एका कागदावर लिहून न्यावे आणि येताना नोंद क्रमांक घेऊन यावे. इंग्रजीत अडखळण्याची भीती असेल तर पोलीस दुभाष्याची सोय करतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत, जरी एम.एस. करणाऱ्या मुलाला ती गरज पडू नये. फोनच्या खोक्यावर छापलेला आयएमईआय क्रमांक मोबाइल कंपनीला दिला की तो हँडसेट ऑस्ट्रेलियातील कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चोरलेल्या फोनमध्ये पासपोर्टचे छायाचित्र, बँकेचे ॲप, सरकारी खात्याचे लॉगिन असे सगळे होते का हे त्याला विचारा. असेल तर त्या प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड बदलणे आजचे काम आहे. सॅकमध्ये पासपोर्टच गेला असेल तर पोलिसांच्या नोंदीशिवाय सेंट किल्डा रस्त्यावरील भारतीय वकिलातीत नवा मिळवण्याचे काम पुढे सरकणार नाही, म्हणजे तक्रार टाळता येणारच नाही.

व्हिक्टोरियात गुन्ह्याच्या बळींसाठी १८०० ८१९ ८१७ ही मोफत मदतवाहिनी आहे. येथे माणसे पुढची पायरी समजावून सांगतात आणि समुपदेशनाची सोय करून देतात. तुमचा मुलगा "मला काही झाले नाही" म्हणेल. पण आईशी खोटे बोलण्याइतके काही तरी त्याला झाले आहे, आणि महिनाभर रात्री साडेबाराला त्याच रस्त्याने तो चालतो आहे.

पंपमालकाच्या सल्ल्यामागे मुलाच्या व्हिसाची काळजी होती असे मला वाटत नाही. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणसत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येते; सुटीत ही मर्यादा नसते. आठवड्याला चार-पाच दिवस आठ तासांची पाळी धरली तर तुमचा मुलगा ती मर्यादा ओलांडतो आहे, आणि वरचे तास रोखीत देऊन मालक दोन गोष्टी साधतो आहे: किमान वेतन चुकवतो आणि मुलगा तोंड उघडणार नाही याची सोय करून ठेवतो. १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियात प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे, आणि पक्की नोकरी नसलेल्या रोजंदारीच्या कामगाराला त्यावर पाव पट जास्त मिळायला हवे. त्याला रोखीत तासाला किती मिळतात हे विचारा. उत्तर ऐकून तुम्हाला चोर नक्की कोण असा प्रश्न पडू शकेल. १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून वेतन बुडवणे हा येथे फौजदारी गुन्हा आहे.

तासांची मर्यादा मोडणे ही व्हिसाच्या अटीची खरी मोडतोड आहे, हे मी लपवणार नाही. त्याने ती आजपासून थांबवावी. त्याच वेळी हेही त्याला कळू द्या की पिळवणूक झालेल्या विद्यार्थ्याने "फेअर वर्क ऑम्बड्समन" या सरकारी कार्यालयाकडे मदत मागितली आणि यापुढे अटी पाळण्याची तयारी दाखवली, तर कामाच्या अटीच्या उल्लंघनासाठी सर्वसाधारणपणे व्हिसा रद्द केला जात नाही, अशी संरक्षणाची तरतूद आहे. त्यांचा क्रमांक १३ १३ ९४. तेथे थेट बोलण्याआधी कोणाचा तरी सल्ला हवा असेल तर राज्य सरकारचे "स्टडी मेलबर्न" हे केंद्र आहे. परदेशी विद्यार्थ्यांना नोकरीतील हक्कांविषयी कायदेशीर सल्ला तेथून फुकट मिळतो. ओळखीतल्या "एजंटाला" विचारू नये. आपल्या लोकांतले सर्वांत महागडे सल्ले अशा ओळखीतूनच आलेले मी पाहिले आहेत.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सावधगिरी. पैशांची चणचण असलेल्या आणि मालकावर चिडलेल्या मुलांना कोणी तरी गाठून "तुझे बँक खाते थोडे दिवस वापरू दे, पाचशे डॉलर देतो" असे सांगते, किंवा शिक्षण संपवून परत निघालेल्याकडून खातेच विकत मागते. अशा खात्यांतून लुबाडलेला पैसा फिरवला जातो आणि पोलीस शोधत येतात ते खातेदाराला. तुमचा मुलगा सध्या ज्या अडचणीत आहे त्यात तो निर्दोष आहे. या प्रकारात तो आरोपी ठरेल.

परतीच्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण पाळी बदलली की त्यातले बरेचसे आपोआप मिटते. तरी अभ्यासामुळे उशीर होणारच. बहुतेक विद्यापीठांचे सुरक्षा कर्मचारी रात्री विद्यार्थ्याला आवारातल्या इमारतीपासून थांब्यापर्यंत किंवा पार्किंगपर्यंत सोडतात. मुलगे ही सोय मुलींसाठी आहे असे समजून मागत नाहीत, ती सर्वांसाठी असते. रात्रीच्या ट्रेनमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या डब्यात बसावे. फलाटावरील खांबावर दोन बटणे असतात, हिरवे गाडीची वेळ सांगते आणि लाल मदतीसाठी थेट माणसाशी जोडून देते. वर्षानुवर्षे प्रवास करणाऱ्यांनाही लाल बटण कशासाठी ते माहीत नसते. २०१२ पासून स्टेशनांवर संध्याकाळनंतर "पीएसओ" म्हणून ओळखले जाणारे सशस्त्र सुरक्षा अधिकारी दिसू लागले, त्यांना अटकेचे अधिकार आहेत आणि "जरा गाडी येईपर्यंत येथे उभा राहू का" असे विचारले तर ते हो म्हणतात. मी स्वतः विचारलेले आहे.

वंशद्वेषाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तो तुमच्या मनात असणार. तो आहे. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. त्या रविवारी मी शहरात जाणे टाळले, हे कबूल करते. तुमच्या मुलाला लुटणाऱ्यांनी त्याच्या रंगावरून काही शिवीगाळ केली असेल तर तेही जबाबात शब्दशः सांगावे, कारण द्वेषातून केलेल्या गुन्ह्याची वेगळी दखल घेतली जाते. केली नसेल, तर फोनच्या चोरीला फोनची चोरीच राहू द्यावी.

यजमानांना काय सांगाल? शिक्षण मध्येच सोडून मुलाला परत आणले तर फी गेली, कर्ज राहिले, आणि आपल्यावर चाकू उगारला गेला म्हणून आपल्याला शिक्षा झाली, असा त्याचा समज होईल. शिक्षण पुरे करण्याइतपत पैसे महिन्याला कमी पडत असतील आणि म्हणून तो जास्तीचे तास करत असेल, तर विमानाच्या तिकिटावर जे खर्च करायला तुम्ही तयार आहात ते सध्या त्याच्या भाड्यासाठी पाठवा आणि "पाळी सोड, तोवर आम्ही बघतो" असे वडिलांनीच त्याला सांगू द्या. हे आईने सांगण्यापेक्षा वडिलांनी सांगण्याला वजन आहे, कारण "परत ये" म्हणणारे तेच आहेत आणि मुलगा त्यांनाच घाबरून गप्प आहे असा माझा अंदाज आहे.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्हालाच माहीत असेल. मेलबर्नला रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा हडपसरला, ऋतूप्रमाणे, संध्याकाळचे सात किंवा आठ वाजलेले असतात. तुम्ही दिवा लावून मोकळ्या झालेल्या असता आणि मुलाचा फोन येतो, तो कानात इअरफोन घालून, उजळलेला पडदा हातात धरून तुमच्याशी बोलत घरी चालत जात असतो. येथे राहणारी निम्मी मराठी मुले आईशी याच वेळी बोलतात, कारण रस्ता एकाकी असतो आणि आवाज हवासा वाटतो. ही वेळ तेवढी बदला. चालताना फोन खिशात आणि कान मोकळे राहू देत, आणि दार आतून लावले की त्याने तुम्हाला फोन करावा. तोवर जेवण थांबवावे लागले तरी अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे.